‘उद्यापर्यंत ठरवून सांगा’

प्रश्न: माझे वडील ७९ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यातून निवृत्त. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, चार वर्षांपासून घरी ऑक्सिजनवर असतात. वर्षभरात तिसऱ्यांदा आयसीयूत आहेत आणि या वेळी ११ दिवस व्हेंटिलेटरवर. दोनदा काढून बघितला, दोन्ही वेळा काही तासांत परत लावावा लागला. डॉक्टर म्हणतात, गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का ते उद्यापर्यंत ठरवून सांगा. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो पैशाचं बघू नका, सगळं करा. आई म्हणते त्यांना घरी न्या. दिवाळीत बाबा म्हणाले होते, ‘परत त्या नळ्या नकोत.’ मी नको म्हटलं तर मी बापाला मारलं असं होईल का? तुम्ही डॉक्टर असे निर्णय कशाच्या आधारावर घेता?

उत्तर:

ताई, मारण्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असताना बाकीचं डोक्यात शिरणार नाही. नाही. तुम्ही वडिलांना मारत नाही. त्यांच्या फुप्फुसांचा आजार त्यांना नेतो आहे, आणि कित्येक वर्षं थोडं थोडं नेतोच आहे. या वेळी तो पुढे निघून गेला असेल, तर तुमच्या ‘हो’ने तो थांबणार नाही आणि तुमच्या ‘नको’चा त्यात दोषही नाही.

मी २७ वर्षं आयसीयूत काम करते. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यांचे एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), एक्स-रे पाहिलेले नाहीत. म्हणून ‘करा’ किंवा ‘करू नका’ हे इथून सांगणार नाही. पण असा निर्णय कसा घ्यायचा आणि त्यात कोणाचं काम काय, हे सांगते. सुरुवात ‘उद्यापर्यंत ठरवून सांगा’ या वाक्यापासूनच करते, कारण माझ्या मते तुम्हाला तो प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला गेला आहे.

तुमच्या डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. मी स्वतः दहा-बारा वर्षं असंच बोलत होते. नातेवाइकांना खोलीत बसवायचं, दोन पर्याय सांगायचे, दोन्हींतले धोके सांगायचे, फॉर्म पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, ‘तुम्ही ठरवा, आम्ही तसं करू.’ रुग्णाच्या हक्काचा मान राखणं म्हणजे हेच, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. मग एक मुलगा भेटला. तिशीचा, टेम्पो चालवायचा. आईच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. मी सगळं नीट समजावलं आणि पेन दिलं. त्याने पेन धरलं, पण ते कागदाला टेकेना. वर बघून म्हणाला, ‘मॅडम, तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?’ मी म्हणाले, ‘ते मी सांगू शकत नाही, निर्णय तुमचा आहे.’ त्याने सगळ्याला सही केली. आई १९ दिवस होती, एकदाही शुद्धीवर आली नाही, पाठीला जखमा झाल्या. काही महिन्यांनी तो कसल्याशा दाखल्यासाठी आला आणि दारातच थांबून विचारलं, ‘मी सही केली नसती तर तिला एवढं सोसावं लागलं नसतं ना?’

त्या मुलावर मी जे टाकलं ते माझं ओझं होतं. ती बाई शुद्धीवर येणार नाही हे मला पहिल्या दोन दिवसांत दिसत होतं. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. माहिती माझ्याकडे होती आणि निर्णय त्याच्याकडे. हा मान नव्हे, मी हात झटकले होते.

तेव्हापासून मी कामाची वाटणी वेगळी केली. आजार कुठवर आला आहे, कोणता उपचार काय देईल आणि काय हिरावून घेईल, हे सांगणं माझं काम. हा माणूस कोण आहे, कशावर जगतो, कशाला घाबरतो, काय सहन करेल आणि काय अजिबात नाही, हे सांगणं घरच्यांचं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सल्ला मी द्यायचा, स्पष्ट शब्दांत, ‘माझ्या मते आपण हे करावं’ असा. घरच्यांनी त्याला होकार द्यावा, नकार द्यावा, वेळ मागावा. पण पहिलं वाक्य माझ्या तोंडून यायला हवं. म्हणून उद्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तुमचा सल्ला काय आहे, आणि का?’ बहुतेक डॉक्टर हा प्रश्न आला की सुटल्यासारखे बोलू लागतात. भांडणं, तोडफोड, पोलिसात तक्रार, यांच्या भीतीने आमच्यातले कितीतरी जण मत मनातच ठेवतात.

आता, आम्ही विचार कसा करतो ते. एमबीबीएसच्या मुलांना आम्ही चार गोष्टी शिकवतो: रुग्णाची इच्छा, त्याचं भलं, त्याला इजा न करणं आणि सर्वांना न्याय. परीक्षेत लिहायला चारही सोप्या. खाटेपाशी त्या एकमेकींशी भांडतात, आणि कोणती वरचढ ठरेल हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: हा आजार परत फिरणारा आहे का?

जीबीएसचं, म्हणजे गिलां-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचं उदाहरण घ्या. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याची साथ आली तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचलं. त्याच्या कितीतरी आधी माझ्याकडे चाळिशीची एक बाई होती. हात-पाय गेलेले, व्हेंटिलेटरवर, फक्त पापण्या हलायच्या. पाचव्या आठवड्यात अक्षरांच्या तक्त्यावर पापण्या मिटून मिटून तिने शब्द जुळवला: ‘सोडा’. आम्ही सोडलं नाही. तिच्या नवऱ्याशी बोललो, तिच्याशी रोज बोललो, झोपेचं आणि वेदनेचं औषध बदललं, मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं. त्या आजारात नसा सावरतात, वेळ लागतो, पण बहुतेकांच्या सावरतात. ती काठी घेऊन चालत घरी गेली.

तुमचे वडील ‘नळ्या नकोत’ म्हणाले आणि ती ‘सोडा’ म्हणाली. ऐकायला दोन्ही सारखंच. पण तिच्या आजाराला परतीची वाट होती आणि ती स्वतः त्या घडीला दुःखाने आणि भीतीने पार खचलेली होती. वडिलांची फुप्फुसं परत तयार होणार नाहीत. आणि ते हे वाक्य आयसीयूत नव्हे, घरी बसून, दोनदा अनुभव घेऊन झाल्यावर म्हणाले. माझ्या लेखी या वाक्याचं वजन फार मोठं आहे. तरी त्याची थोडी चौकशी करा. कशावरून निघालं होतं? एकदाच म्हणाले की पुन्हा पुन्हा? ‘नळ्या’ म्हणजे त्यांना घशातली नळी म्हणायची होती, की हात बांधलेले, की आई भेटायला फक्त दहा मिनिटं यायची ते? मी असे रुग्ण पाहिले आहेत ज्यांना आयसीयू नको नव्हतं, एकटं पडणं नको होतं. तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळा इलाज आहे.

ट्रॅकिओस्टॉमीबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. गळा कापणं म्हणजे शेवट, असं घरच्यांना वाटतं, आणि डॉक्टर कधी कधी ‘छोटीशी प्रोसिजर’ म्हणून सांगतात. प्रोसिजर खरंच छोटी आहे. तोंडातली नळी निघते, गुंगीचं औषध कमी करता येतं, तोंड स्वच्छ राहतं, काही जण पुढे बोलतात, खातातही. पण फुप्फुसं होती तशीच राहतात. वडील व्हेंटिलेटरवरून सुटतील अशी डॉक्टरांना खरीखुरी आशा असेल, तर ट्रॅकिओस्टॉमी हा त्या वाटेवरचा टप्पा आहे आणि तो घेण्यासारखा आहे. तशी आशा नसेल, तर पुढचं चित्र आधी डोळ्यांसमोर आणा: घरी मशीन, दिवसातून कितीतरी वेळा सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं), रात्रीसुद्धा कोणीतरी जागं, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर लक्ष. ते कोण करणार? ७०-७५ च्या आई? हा प्रश्न स्वार्थाचा नाही. ज्याची सेवा करायची त्याच्याच हिताचा आहे.

तिसरी वाटही आहे, जी मी स्वतः सर्वात जास्त वापरते. ठरावीक मुदतीचा प्रयत्न. म्हणजे आजच ठरवायचं, की समजा सात दिवस पूर्ण जोर लावू; त्यात अमुक तास मशीनशिवाय राहिले, जंतुसंसर्ग उतरला, शुद्ध नीट राहिली तर पुढे जाऊ; नाहीतर मशीनचा जोर कमी करून त्यांच्या आरामाकडे वळू. मुदत आणि खुणा केसपेपरवर लिहून घ्यायच्या. याने फार मोठा पेच सुटतो. आपल्याकडे घरच्यांना (आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही) मशीन लावलं नाही तर चालतं, पण लावलेलं काढलं तर पाप वाटतं. नैतिक दृष्टीने दोन्हींत फरक नाही. जो उपचार आता उपयोगाचा नाही तो सुरू न करणं आणि सुरू असलेला थांबवणं एकच आहे. उलट ‘एकदा लावलं की काढता येत नाही’ या भीतीने ज्याला फायदा झाला असता त्यालाही मशीन लावलं जात नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

कायदा काय म्हणतो, तेही विचारात घ्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच धरला. उपचार थांबवण्यासाठी त्या वेळी घातलेली पद्धत इतकी किचकट होती की ती जवळपास कोणी वापरलीच नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल आणि त्याने आधी काही लिहून ठेवलं नसेल, तर रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ (उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ) मत देतं, घरच्यांची लेखी संमती घेतली जाते, मग दुसरं मंडळ तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं अपेक्षित आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, परवानगी मागावी लागत नाही. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहे. ‘असं करता येत नाही, कायद्यात बसत नाही’ असं कोणी सांगितलं तर शांतपणे २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा. आणि याला इच्छामरण म्हणू नका. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याबद्दल इथे कोणी बोलतही नाही.

इथे अरुणा शानबाग यांची आठवण काढते. त्यांचं प्रकरण लोक दयामरणाचं म्हणून लक्षात ठेवतात, मी वेगळ्या कारणासाठी ठेवते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका आली तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयापुढे एक प्रश्न हाही होता, की अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी? न्यायालयाने सांगितलं, याचिका करणाऱ्या लेखिकेने नाही; इतकी वर्षं ज्यांनी भरवलं, धुतलं-पुसलं, कूस बदलली त्या केईएमच्या मंडळींनी. आणि त्यांना अरुणा हव्या होत्या. जवळचं कोण, हे नुसत्या नात्यावरून किंवा तळमळीवरून ठरलं नाही. सेवेतून जी ओळख झाली, तिच्यावरून ठरलं.

तुमच्या घरात ती ओळख कोणाकडे आहे? चार वर्षं रात्री उठून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची नळी कोण सरळ करतं? तुम्ही आईचं म्हणणं पत्रात एका ओळीत लिहिलं आहे, ‘आई म्हणते घरी न्या’. आईंना डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यांना बोलू द्या. आपल्याकडे काउन्सेलिंगला मुलगा, जावई, चुलते आत येतात आणि बायको बाहेर बाकड्यावर डबा धरून बसलेली असते.

भावावर मात्र रागावू नका. लांबचं मूल ‘सगळं करा’ म्हणतं तेव्हा बहुतेकदा ते ‘मी तिथे नाही’ असं म्हणत असतं. त्याने बाबांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते खुर्चीत बसून पेपर वाचत असतील. तुम्ही त्यांना संडासापर्यंत जाताना दोनदा थांबताना पाहिलं आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर मीटिंगला घ्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, आणि ‘ट्रॅकिओस्टॉमी करायची का’ हे विचारण्याआधी ‘बाबांना स्वतःला काय चाललं असतं’ हे विचारा. मी पाहिलं आहे, या दुसऱ्या प्रश्नावर भावंडांची उत्तरं बऱ्याचदा जुळतात.

पैशाबद्दलही मोकळेपणाने बोला. भावाकडे आहेत हे ठीक, पण प्रत्येक घरात नसतात, आणि पैसे संपले म्हणून घेतलेला निर्णय ‘आम्हाला त्यांचे हाल बघवत नाहीत’ या शब्दांत सांगितला जातो. डॉक्टरला ते कळतं, तोही बोलत नाही. मग डामाच्या कागदावर सही होते: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत. त्या कागदाचा मला मनापासून संताप आहे. अँब्युलन्समध्ये घशात नळी तशीच, वॉर्डबॉय किंवा पुतण्या अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत बसलेला, तासा-दीड तासाचा रस्ता, खड्ड्याखड्ड्याला हात थांबतो. अंगणात पोहोचल्यावर नळी काढतात, तोंडात तुळशीचं पाणी घालतात, आणि माणूस पुढची १५-२० मिनिटं किंवा दोन तास धापा टाकत जातो, कारण त्या सगळ्यात धाप कमी करणारं औषध कोणीच दिलेलं नसतं. कागद म्हणतो ‘सल्ल्याविरुद्ध’, म्हणून रुग्णालयाची जबाबदारी संपली. निर्णय कदाचित बरोबर असेल. पण त्याला रुग्णालयाने आपला म्हटलं नाही, म्हणून माणूस तडफडला. आईंच्या ‘घरी न्या’ला डामाचं रूप येऊ देऊ नका.

घरी नेणं नीट करता येतं. निघण्याआधी मॉर्फिन थोड्या थोड्या मात्रेत सुरू करून धाप आटोक्यात आणायची, घशातली घरघर कमी करणारं औषध सोबत द्यायचं, ती औषधं कोण कशी देणार ते दोन माणसांना शिकवायचं, गावातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठेवायचं. मॉर्फिनची भीती घालतील कोणी. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन श्वासाची तगमग कमी करतं, जीव घेत नाही, आणि २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे. आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी सेवा) कॅन्सरच्या भोवती वाढली, त्यामुळे सीओपीडीच्या माणसाला ती लागते हे अनेक डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. तुम्ही नाव घेऊन मागा. त्याचबरोबर हृदय थांबलं तर छाती दाबायची का, हेही आजच बोलून केसपेपरवर लिहून घ्या. या वयात आणि या फुप्फुसांत त्याने बरगड्या मोडतात आणि हाती काही लागत नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तुमच्या पत्रात सगळे बोलतात: भाऊ, आई, डॉक्टर, तुम्ही. बाबा बोलतात ते फक्त दिवाळीत. ते आत्ता काय म्हणतात? व्हेंटिलेटरवर असणं म्हणजे बेशुद्ध असणं नव्हे. सीओपीडीचे रुग्ण गुंगीचं औषध कमी केलं की कितीतरी वेळा चांगले जागे असतात, मान हलवतात, लिहितात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला असेल तर ग्लानी असते, म्हणून एकदाच विचारून चालत नाही. सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगळ्या दिवशी विचारायचं, आणि उत्तर तेच येतं का ते बघायचं. ते येत असेल तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात, कारण शुद्धीतल्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, तिथे तुम्ही किंवा भाऊ काय म्हणता हे नंतर.

माझ्या एका रुग्णाला आम्ही असंच जागं करून पाटी-पेन्सिल दिली. आम्हाला ट्रॅकिओस्टॉमीबद्दल विचारायचं होतं. त्याने आधी लिहिलं, ‘म्हैस व्याली का’. मुलगा म्हणाला, व्याली, रेडकू झालं. मग आमचा प्रश्न त्याने दोनदा ऐकला, दोन्ही वेळा हात आडवा हलवला, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच हलवला.

उद्या डॉक्टरांकडे आणखी दोन दिवस मागा. अशा निर्णयात दोन दिवसांनी काही बिघडत नाही. गुंगी कमी करून बाबांशी बोलायचं आहे असं सांगा. जाताना त्यांचा चष्मा न्या, कानाचं यंत्र असेल तर ते न्या, पाटी किंवा मोठी वही आणि जाड स्केचपेन न्या, आणि आईंना सोबत न्या.